अडीच मीटरवरची चप्पल

१४ ऑगस्ट, सोमवार

माझं पत्र नगरभवनातून परत आलं. मजकुरात एक शब्द खोडलेला नाही, की एखादी शंका काढलेली नाही. वाचलं असेल असंही वाटत नाही. शेवटी माझ्या सहीखाली जी जागा रिकामी आहे तिच्याभोवती लाल पेनाने गोल काढला आहे. परवाना क्रमांक.

खिडकीतली मुलगी गोड हसून म्हणाली, "इंजिनिअर, तुमचा नंबर टाकायचा राहिला वाटतं."

"राहिला," मी म्हटलं आणि पत्र घेऊन बाहेर पडले.

आमच्या गावात पोरगं स्थापत्यच्या पहिल्या वर्षाला बसलं की गल्ली त्याला इंजिनिअर म्हणायला लागते. पुढे सरकारी परीक्षा पास झालं का, हे कोणी विचारत नाही. विचारणं वाईट दिसतं. मलाही कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, एक्याण्णव. तीनदा बसले, तीनदा नापास झाले. मग तीस वर्षं इंजिनिअर प्रुदेन्स्योंच्या हाताखाली. नकाशे मी काढायचे, शिक्का त्यांनी मारायचा. जूनमध्ये ते वारले. शिक्का त्यांच्या मुलीने कपाटात कुलूप लावून ठेवला. बरोबर केलं.

पत्रातला मुद्दा साधा आहे. तालिसाय नदीवर पायी जाण्यायेण्याचा पूल होतो आहे. पलीकडच्या वस्तीतली एकशे चाळीस मुलं त्यावरून शाळेत येणार. नकाशात मधल्या खांबाचा पाया नदीच्या तळाखाली अडीच मीटर दाखवला आहे. पाच हवा. कोरड्या दिवसांत भोक पाडून माती तपासली तर तिथे घट्ट वाळू लागते. पण पुरात ती वाळू उठते, तळ खोल जातो आणि पाणी ओसरता ओसरता खड्डा पुन्हा भरतो. नंतर बघणाऱ्याला काही दिसत नाही. मला दिसतं, कारण जुना तराफा ज्या तारेला धरून नदी ओलांडायचा, त्या तारेवर जाऊन, शिशाचं वजन सोडून मी अठ्ठ्याऐंशीपासून प्रत्येक पुरात तळ मोजला आहे. आकडे वहीत आहेत.

नकाशावर सही नगरभवनातल्या इंजिनिअर जर्विन माग्दाएत याची. वय तेवीस. परवाना गेल्या वर्षी मिळाला, म्हणजे बाविसाव्या वर्षी. सगळ्यांना मिळतो त्याच वयात.

खांबाचं काँक्रीट अठ्ठावीस नोव्हेंबरला. परीक्षा अकरा आणि बारा नोव्हेंबरला. निकाल पाच-सहा दिवसांत लागतो. दहा दिवस हातात राहतात. पास व्हायचं, नाव यादीत आलं की हेच पत्र, हाच मजकूर, पुन्हा त्याच खिडकीत द्यायचं. तीनदा नापास झालेल्यांना कॉलेजात उजळणीचं सत्र करावं लागतं. ते मी गेल्या वर्षी दर शनिवारी गुपचूप केलं. प्रुदेन्स्योंचा हात थरथरायला लागला तेव्हाच मला पुढचं दिसलं होतं.

माझं वय सत्तावन्न. उगाच लिहिलं. माहीत आहे मला.

२१ ऑगस्ट

अर्ज भरला. रांगेत पुढच्या मुलीची आई माझ्याशी बोलायला लागली. "तुमचा मुलगा की मुलगी?"

"मी," म्हटलं.

तिला वाटलं मला नीट ऐकू येत नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं. सगळ्या रांगेने ऐकलं. मीही मोठ्याने उत्तर दिलं.

क्लासही सुरू झाला. भिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो, प्रत्येकाखाली वय छापलेलं. बावीस, बावीस, तेवीस, एकवीस. शिकवणारा स्वतः अठ्ठावीसचा असेल. पहिल्याच तासाला म्हणाला, "पंचविशीच्या आत उरकून टाका. नंतर मेंदूला गंज चढतो." मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अपवाद असतात, मॉमी."

आता सगळा वर्ग मॉमी म्हणतो. मी कोणाचीही आई नाही हे मी एकदा सांगितलं. त्यानंतर जास्तच म्हणायला लागले.

९ सप्टेंबर, शनिवार

तो जर्विन घरी आला. हातात पिलीच्या बियांची मिठाई. माझी धाकटी बहीण चोलिंग विधवा झाल्यापासून माझ्याकडे राहते; मला मनाय म्हणते, म्हणजे ताई. तिला गोड दिसलं की माणूस चांगला वाटतो. तिने त्याला आत घेतलं, कॉफी दिली, आणि मी वरच्या खोलीत गणितं करते आहे हेही सांगून टाकलं.

"मॅडम, तुमच्याकडे नदीची वही आहे असं मुकादम दोमेंग म्हणाला," त्याने खुर्चीच्या कडेवर बसून सांगितलं. बोटांची नखं खाल्लेली होती. "मला बघायला मिळेल का?"

"कशाला? तुझ्याकडे माती तपासणीचा अहवाल आहे ना?"

"आहे. एकाच भोकाचा. तोही मे महिन्यातला."

"मग तो पाठवणाऱ्यांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, अहवाल पुरेसा आहे." मग म्हणाला, "तुम्ही पत्र लिहिलं होतं ना? मी कपाटात शोधलं. मिळालं नाही. परत गेलं म्हणे."

"तुझ्या खिडकीनेच परत केलं."

बाजार समितीच्या इमारतीवर, शाळेच्या जिन्यावर, तिन्ही मोऱ्यांवर पितळी पाट्या आहेत. प्रत्येकीवर एकच नाव आहे आणि ते माझं नाही. तीस वर्षं एकाने माझं काम घेतलं. आता हा दुसरा आला, मिठाई घेऊन. नंबर याचा आणि आकडे माझे. ही वही माझ्या स्वतःच्या क्रमांकाखाली जाईल, नाहीतर जाणार नाही.

"परीक्षेनंतर ये," मी म्हटलं.

तो गेल्यावर चोलिंग म्हणाली, "मनाय, पोरगा घाबरलेला दिसत होता गं."

"तुला मिठाईपलीकडे काय दिसतं?"

वही तांदळाच्या डब्यात ठेवली. तिला बजावलं, मरण आलं तरी कोणाला द्यायची नाही.

२७ सप्टेंबर

सराव परीक्षेत एकावन्न. सत्तर लागतात. वर्गात शेवटून चौथी. माझ्यानंतरचे तिघं त्या दिवशी आलेच नव्हते.

खांबाला किती लोखंड लागेल हे मी कागदाला हात न लावता सांगू शकते. ते कुठल्या समीकरणातून येतं हे मात्र आठवत नाही. एखादी ओळ डोळ्यांसमोर येते आणि मधलं चिन्ह पुसलेलं असतं. काल एकच गणित सहा वेळा केलं. सहा वेगळी उत्तरं आली.

रडले. अकरा मिनिटं. घड्याळ समोरच होतं. मग तोंड धुऊन सातव्यांदा केलं. सातवं उत्तर पहिल्यासारखं आलं. ते बरोबर आहे का ते बघायची हिंमत झाली नाही.

१८ ऑक्टोबर

सही करणाऱ्यांनी पाच महिने लावले, म्हणून आता आमच्या भागातल्या मोठ्या पावसाच्या ऐन तोंडावर नदीत खड्डा खणतायत. वाळूच्या पोत्यांचं कडं, मध्ये पंप, भोवती बारा माणसं. क्लासला जाताना बस पुलाच्या जागेजवळून जाते. मी खिडकीतून मान वळवत नाही. न बघताही पंपाच्या आवाजावरून कळतं की पाणी किती येतंय.

सराव परीक्षेत अठ्ठावन्न.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

जर्विन पुन्हा आला. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. या वेळी हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चप्पल होती. लहान मुलाची, निळी, रबराची. पट्टा तुटलेला, टाचेजवळ कार्टूनचं चित्र अजून ओळखू येत होतं.

"खड्ड्यात सापडली," तो म्हणाला. "अगदी तळाशी, मॅडम. अडीच मीटरवर. घट्ट वाळूत रुतलेली. दोमेंग म्हणतो, कोणीतरी वरून टाकली असेल. पण मी स्वतः उकरून काढली. वरून टाकलेली नाही."

"नसणारच."

"म्हणजे ती वाळू जुनी नाही. ही चप्पल पडली तेव्हा तळ तिथपर्यंत उघडा होता. असंच ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांची असताना मला हे सुचलं असतं का? मला तर मोजायला लागल्यावर सहा वर्षांनी कळलं. नदीच्या पात्रात विहिरीचा खड्डा खणताना साडेतीन मीटरवर निवडणुकीत वाटलेली प्लास्टिकची बादली निघाली, त्याच वर्षी निवडून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यासकट, तेव्हा.

"असंच," मी म्हटलं.

"मी वर कळवलं. ते हसले. म्हणाले, चपलेवर नकाशा बदलत नाही, आकडे आण. किती वर्षांचे, कुठल्या पुराचे, किती खोल." त्याने चप्पल माझ्यापुढे धरली. "मॅडम, ते फक्त तुमच्याकडे आहेत. मला भीती वाटते. सही माझी आहे."

"अकरा-बाराला परीक्षा. अठराच्या आत निकाल. काँक्रीट अठ्ठावीसला. निकाल लागला की मीच लिहून देईन, माझ्या नावाने."

"आणि नाही लागला तर?"

चोलिंग दारात उभी होती. तिने जीभ चावली. असा प्रश्न परीक्षेच्या आठवड्यात आमच्याकडे शत्रूही विचारत नाही.

"चप्पल ठेवून जा," मी म्हटलं.

भीती वाटते म्हणे. नंबर आहे त्याच्याकडे! सहीखाली सात आकडे लिहिता येतात, आणि भीती वाटते.

चप्पल धुऊन खिडकीत ठेवली आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये पेन्सिलींना आशीर्वाद. साठ-सत्तर पोरं हात वर करून उभी, प्रत्येकाच्या मुठीत दोन नंबरच्या पेन्सिली, रबर, कॅल्क्युलेटर. पाद्री पाणी शिंपडत आले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "इंजिनिअर, तुम्ही भाचरांसाठी आलात?"

"हो फादर," मी म्हटलं. देवाच्या घरात खोटं बोलले. पेन्सिली भिजल्या, ते मात्र खरं.

चोलिंगने नन्सच्या मठात जाऊन डझनभर अंडी ठेवली. हवामान चांगलं राहावं म्हणून. "पाऊस पडला तर तुझी बस अडकेल," ती म्हणाली. शिवाय गेला आठवडाभर काहीतरी लपवते आहे. छापखान्यातून निरोप आला की बाहेर जाऊन बोलते.

११ नोव्हेंबर, शनिवार, लॉजवर

पहिला दिवस झाला. गणित आणि मोजणी. मोजणी चांगली गेली. गणित गेलं असं म्हणते.

खोलीत पर्यवेक्षकाने माझं ओळखपत्र दोनदा पाहिलं. शेजारच्या मुलीने पेपर सुरू होण्याआधी माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा होता. म्हणाली, "मॉमी, तुम्ही आहात म्हणून बरं वाटतंय." मी हात सोडवून घेतला नाही.

बाहेर कॉलेजांची धाकटी पोरं ढोल घेऊन उभी असतात, आपला विद्यार्थी बाहेर आला की वाजवतात. मी बाहेर आले. ढोल थांबले. वाट करून दिली. त्यांना वाटलं पर्यवेक्षिका.

मोबाइल आत नेता येत नाही म्हणून लॉजवर ठेवला होता. आल्यावर पाहिलं, जर्विनचे तीन फोन, एक निरोप. उघडला नाही. सकाळपासून वीस जणांच्या शुभेच्छा आल्या आहेत, ही एकविसावी असणार. उद्या खांब, तुळया, पाया. आज कोणाशीही बोलायचं नाही. मोबाइल बंद केला.

खाली टीव्हीवर वादळाचं सांगत होते. मंगळवारपर्यंत आमच्या किनाऱ्याला लागेल. अंडी वाया गेली.

१२ नोव्हेंबर, रविवार

संपलं.

एक प्रश्न लिहून ठेवते. वाळूच्या तळाची नदी, एवढा प्रवाह, एवढ्या रुंदीचा खांब. पायाची सुरक्षित खोली किती? चार पर्याय. दोन पूर्णांक एक, दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक आठ, तीन पूर्णांक दोन. सूत्राने दोन पूर्णांक चार येतं. तीन मिनिटांत आलं. वर्तुळ काळं करायला पेन्सिल टेकवली आणि हात हलला नाही. चारही चूक आहेत. मी पाहिलं आहे ते चूक असल्याचं. कागदाच्या मार्जिनमध्ये मी माझ्या वहीतले आकडे आठवून मांडायला लागले, जणू कोणी वाचणारच होतं. मान वर केली तेव्हा पस्तीस मिनिटं गेली होती. शेवटचे अकरा प्रश्न न वाचता काळे केले. त्या प्रश्नाचं वर्तुळ पांढरंच ठेवलं.

मूर्खपणा. पण दोन पूर्णांक चार मी लिहू शकत नव्हते.

मोबाइल सुरू केला. जर्विनचे आणखी आठ फोन. एवढ्या शुभेच्छा कोणी देत नाही. बसमध्ये निरोप उघडला.

"मॅडम, वादळ येतंय म्हणून ठेकेदार खड्डा उघडा ठेवायला तयार नाही. उद्या सकाळीच ओतणार. आज वही मिळाली तर मी रात्रीत थांबवू शकतो. कृपा करा." कालचा निरोप. दुपारी चार वाजून दहा मिनिटांचा.

१३ नोव्हेंबर

बसमधून उतरले ती सरळ नदीवर गेले. खांबाच्या पायावर ओली पोती पसरलेली. दोमेंग बिस्किट खात बसला होता.

"झाली का परीक्षा, इंजिनिअर?" म्हणाला. "बघा कसा झाला. एका दमात ओतला. कुठे खोट काढून दाखवा."

काढता आली नाही. ओतकाम उत्तम झालं आहे. पाया सरळ, कडा स्वच्छ.

"तुमचा तो पोरगा मध्ये उभा राहिला होता काल," दोमेंग म्हणाला. "खड्ड्यात उतरला आणि वर यायला तयार होईना. वरून साहेबांचा फोन आला, कागद दाखव नाहीतर बाजूला हो म्हणाले. कागद कुठला? खिशातून तपासणीचा तोच अहवाल काढला बिचाऱ्याने. आम्ही दोघांनी हात धरून बाहेर काढला."

घरी चोलिंगचे डोळे सुजलेले. काल पहाटे तो इथेही आला होता. पायरीवर तासभर बसला.

"तूच म्हणालीस ना, मरण आलं तरी द्यायची नाही," ती म्हणाली. "तुझा मोबाइल बंद. मी काय करणार होते?"

मी तिला ओरडले. खूप ओरडले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर

वादळ उत्तरेला वळलं. आज कडक ऊन. आकाशात एक ढग नाही. खड्डा अठ्ठावीसपर्यंत उघडा राहिला असता.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

यादी लागली. 'आर'पाशी रेबान्याल, रेबुएनो. त्यानंतर माझं, रिकाफोर्ते, यायला हवं होतं. त्यानंतर रिकाफ्रेंते आहे.

सरासरी ६८.९.

हात धरणारी मुलगी यादीत आहे. वर्गातली बहुतेक आहेत. सगळी बावीस-तेवीसची.

चोलिंगने लपवलेलं काय होतं ते आज कळलं. पास झालेल्याचं अभिनंदन करणारा मोठा फलक घरावर लावतात, तो तिने आधीच छापून घेतला होता. दोन मीटर बाय तीन. "अभिनंदन! इंजिनिअर पर्पेतुआ रिकाफोर्ते." टोपी-झग्यातला माझा फोटो तिला एकच सापडला, कॉलेजातला. त्यामुळे फलकावर मी बावीस वर्षांची आहे. हनुवटी वर केलेली, कोणाचंही काही देणं लागत नाही अशी.

"फेकून देते," चोलिंग म्हणाली.

"चांगलं ताडपत्रीचं कापड आहे," मी म्हटलं. "घडी करून ठेव."

२० नोव्हेंबर

वही घेऊन जर्विनच्या खोलीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या दारात न बोलावता उभी राहिले. त्याने खुर्ची पुसली. मी बसले नाही.

"नापास झाले," मी म्हटलं. "तू विचारलं होतंस, नाही लागला तर काय. नाही लागला."

वही त्याच्या टेबलावर ठेवली. तो उभ्यानेच पानं उलटत राहिला. अठ्ठ्याऐंशी, दोन मीटर नव्वद. पंचाण्णव, चार दहा. दोन हजार सहा, चार साठ. बोट आकड्यांवरून फिरत होतं आणि ओठ हलत होते. मला वाटलं, आता बोलेल. म्हणेल, पंधरा दिवस आधी का नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. प्रुदेन्स्यो, पितळी पाट्या, तीस वर्षं, सगळं.

तो म्हणाला, "प्रत्येक पुरात तुम्ही स्वतः तारेवर जायचात?"

"मग कोण जाणार?"

"एकट्या?"

तयार ठेवलेल्या उत्तराला जागाच मिळाली नाही.

मग आम्ही बसलो. पाया आता खोल नेता येणार नाही. भोवती मोठे दगड टाकता येतील, पण त्याला नवी मंजुरी, म्हणजे पुन्हा पाच महिने. त्याने त्याच्या नावाने, त्याच्या नंबराने लिहून दिलं: पाया अपुरा आहे, चूक माझ्या नकाशाची, सोबत पस्तीस वर्षांची मोजमापं. मी म्हटलं, "हे दिलंस तर तुझी नोकरी राहणार नाही. परवान्यावरही येईल. तेवीस वर्षांचा आहेस."

"तुमचं नाव इथे घालतो," तो म्हणाला. "मोजमाप: पर्पेतुआ रिकाफोर्ते. पुढे नंबराचा रकाना आहे."

मी तिथे आडवी रेघ मारली.

९ डिसेंबर

लोखंडी तुळया आल्या. बसवल्यासुद्धा. जर्विनला कामावरून काढलं. पत्राला उत्तर नाही. सात जानेवारीला फीत कापणार.

७ जानेवारी, रविवार

फीत कापली. मुलं नाचत पलीकडे गेली आणि नाचत परत आली. पूल छान दिसतो. पितळी पाटीवर नगराध्यक्षांचं नाव आहे. इंजिनिअरचं नाही. ते कोणालाच नको होतं.

समारंभ आटोपल्यावर जर्विन लाल रंगाचा डबा घेऊन आला. खांबावर मी सांगितलं त्या उंचीवर पट्टा मारला. पाणी त्याच्यावर गेलं की खाली तळ उठायला लागतो. तेव्हा पूल बंद करायला दोन्ही टोकांना बांधायची दोरी घेतली.

"मुलं ऐकतील?" त्याने विचारलं.

"माझं ऐकतात."

१८ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस पाऊस. सकाळी साडेनऊला लाल पट्टा बुडाला. अलीकडच्या टोकाला मी दोरी बांधली. पलीकडच्या टोकाला तो पहाटेच जाऊन थांबला होता. नोकरी नाही, पगार नाही, तरी गेला.

शाळा लवकर सोडली, त्यामुळे घरी निघालेली साठेक मुलं माझ्यामागे अडकली. भिजत होती. चोलिंगला तो फलक आणायला सांगितला. झाडाला बांधून आडोसा केला. छापील बाजू आत आली, ती उलटवायला वेळ नव्हता.

नगरभवनाचा माणूस छत्री घेऊन आला. "कोणाच्या हुकमाने पूल बंद केलात?"

"माझ्या."

"तुम्हाला अधिकार काय?"

"काही नाही. जायचं असेल तर तुम्ही जा. मुलं जाणार नाहीत."

त्याने पुलाकडे पाहिलं. पाणी तपकिरी, आवाज असा की पलीकडे जर्विनचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द येत नव्हते. माणूस गेला नाही. मुलांच्या आडोशाला जाऊन उभा राहिला.

एका लहान मुलीने वर पाहिलं आणि अक्षर अक्षर लावून फलक वाचला. "इंजिनिअर, ही तुम्ही?"

"मी."

"तुम्ही तेव्हापासून इंजिनिअर आहात?"

"मी इंजिनिअर नाही," मी म्हटलं. साठ मुलं, नगरभवनाचा माणूस आणि चोलिंग, सगळ्यांनी ऐकलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. "परीक्षेत नापास झाले. चार वेळा."

"पण इथे लिहिलंय की."

"चुकीचं लिहिलंय. मागे सरक. दोरीला हात लावू नकोस."

ती सरकली.

दुपारी मुलांना त्यांच्या शिक्षिकेने शाळेत परत नेलं, भात शिजवला. मी पुलावरून एकटी मधल्या खांबापर्यंत गेले आणि तिथे वजन सोडलं. दोरीवरच्या गाठी दोनदा मोजल्या. मग पलीकडे जर्विनला हाताने खूण केली: तीन बोटं, मग चार. पाया अडीचवरच संपतो. त्याने डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि तसाच पावसात उभा राहिला.

पूल अजून उभा आहे. कशावर उभा आहे ते मला सांगता येणार नाही.

वही आता त्याच्याकडे असते, म्हणून आजचा आकडा इथे लिहून ठेवते. १८ जानेवारी, दुपारी अडीच. तळ तीन मीटर चाळीस. पुलाच्या टोकाची दोरी सोडलेली नाही.